झाड धुण्याची परवानगी

मी झाडाला विष घातलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तो व्हिडिओ निम्म्या नाशिकने पाहिलाय आणि उरलेल्या निम्म्याला तो माझ्याच नातेवाइकांनी पाठवलाय. पदर खोचून, डोक्याला टॉवेल बांधून, पाठीवर फवारणीचा पंप लावून जी बाई बकुळीच्या झाडावर काहीतरी मारताना दिसते, ती मीच. शुभांगी पगारे, विज्ञान शिक्षिका, इयत्ता आठवी. पण त्या पंपात पाणी होतं. नुसतं पाणी. मी झाडाला अंघोळ घालत होते.

आता एखादी शहाणीसुरती बाई रस्त्यावरच्या झाडाला अंघोळ कशाला घालेल, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कुरडया असं आहे.

आमची सोसायटी एका मोठ्या सिग्नलच्या अगदी तोंडाशी आहे. बिल्डरने जाहिरातीत 'शहराच्या हृदयात' असं छापलं होतं. राहायला आल्यावर कळलं, की हृदयात नाही, फुप्फुसात. दिवसभर बस, ट्रक, रिक्षा आणि भाजीचे टेम्पो लाल दिव्याला घुरघुरत उभे असतात, आणि हिरवा लागला की मागे काळा ढग सोडून निघून जातात. आमच्या गॅलरीसमोर फुटपाथच्या कडेला एक बकुळ आहे, चांगली दाट, पहिल्या मजल्याला पुरून उरणारी. शेजारच्या जिन्यासमोरही अशीच एक होती. ती मागच्या वादळात पडली आणि तिच्या जागी आता कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक असतो. माणसं बदलतात, फलक कायम.

यंदा गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम निघालं आणि गच्चीला कुलूप लागलं. त्यामुळे माझ्या सासूबाईंनी कुरडया आमच्या गॅलरीत घातल्या, आणि शेजारच्या रूपालीवहिनींनी त्यांच्या गॅलरीत. रूपालीवहिनी म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खंडेराव निमसे यांच्या पत्नी. दोन्ही घरांचा गहू एकाच दुकानातला, ऊन एकाच सूर्याचं. पण वाळल्यावर आमच्या कुरडया मोगऱ्यासारख्या पांढऱ्या, आणि त्यांच्या सिमेंटच्या रंगाच्या.

सासूबाईंचं नाव चंद्रभागा. मूळच्या येवल्याकडच्या. त्यांना मत द्यायला कोणी सांगावं लागत नाही. "चीक धुवायला हात लागतो. तिनं नुसता घोटला असंल," असा निकाल त्यांनी गॅलरीतूनच, भर आवाजात दिला. पलीकडच्या गॅलरीत रूपालीवहिनी उभ्या होत्या. त्या दिवसापासून दोन घरांतली वाटी-वाटी साखरेची ये-जा थांबली.

माझं डोकं मात्र चिकात अडकलं नाही. एकच गहू, एकच ऊन, मग फरक कशाचा? फरक एकच दिसत होता. आमच्या आणि रस्त्याच्या मध्ये झाड होतं, त्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये वाढदिवसाचा फलक. मी गॅलरीतून हात लांब केला, बकुळीचं एक पान पकडलं आणि रुमालाने पुसलं. रुमाल काळा झाला. काजळासारखा म्हणवत नाही, काजळ बरं दिसतं. सायकलच्या चेनला साडी अडकल्यावर होतो, तसा चिकट काळा.

वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय, की रस्त्याकडेची झाडं वाहनांच्या धुरातले कण पानांवर धरून ठेवतात आणि काही घातक वायू पर्णरंध्रांतून आत घेतात. मुलं लिहितात, मी एक मार्क देते, विषय संपतो. पण धरून ठेवलेल्या त्या घाणीचं पुढे काय होतं, हे प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही. पाऊस आला की ती धुतली जाते, हे खरं. पण पाऊस जूनमध्ये. तोवर काजळीचा थर अंगावर घेऊन, रंध्रं बुजलेल्या पानांनी झाडाने उभं राहायचं आणि वर आमच्यासाठी श्वासही घ्यायचा. हा शिक्षणाधिकाऱ्यांनासुद्धा अन्याय वाटेल.

सासूबाईंना दमा आहे. गॅलरीत बसून सिग्नल बघणं हा त्यांचा टीव्ही, आणि त्यांची खुर्ची बरोब्बर बकुळीच्या आडोशाला असते, कारण जरा सरकवली की खोकला सुरू होतो. मी त्यांना रुमाल दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हे समदं माझ्या छातीत गेलं असतं गं," त्या म्हणाल्या. मग झाडाकडे बघून म्हणाल्या, "लय सोसलं बिचारीनं. तोंड धुऊन दे तिचं."

म्हटलं, त्यात काय मोठंसं.

हे वाक्य माझ्या आयुष्यातून कायमचं काढून टाकलं पाहिजे.

पाणी वाया घालवते असं कोणी म्हणू नये म्हणून मी प्युरिफायरच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादल्यांत साठवलं. शनिवारी शाळेतून आल्यावर गॅलरीत उभी राहून मग्ग्याने फांद्यांवर मारायला लागले. पानांवरून काळं पाणी ओघळलं, ते बघून मला फार समाधान वाटलं. ते पाणी पुढे कुठे चाललंय, हे मात्र मी बघितलं नाही. ते खंडेराव निमशांच्या नव्या पांढऱ्या गाडीवर चाललं होतं.

"पगारे मॅडम!" खालून गर्जना आली. "काय चाललंय हे?"

"झाड धुतेय."

"झाड?" त्यांनी तो शब्द असा उच्चारला, की जणू मी हत्तीला पावडर लावत होते. "झाड कोणी धुतं का?"

"गाडी धुता ना तुम्ही रोज? मग झाड का नाही? धूर गाडी सोडते, झाड नाही सोडत."

हे उत्तर मला अजूनही आवडतं. पण खंडेरावांचं लक्ष उत्तराकडे नव्हतं. गाडीच्या बॉनेटवर काळ्या रेघा उमटल्या होत्या आणि ती थेट झेब्रा क्रॉसिंग दिसत होती. "ही काजळी बघा," मी वरून म्हणाले, "ही तुमच्या नाकात जाणार होती." त्यांनी नाकाला हात लावला, मग स्वतःवरच चिडून म्हणाले, "परवानगी आहे का तुमच्याकडे? सोसायटीत उद्या कोणी म्हणेल मी विजेचा खांब धुतो. शिस्त नको?"

रात्रीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पूर आला. एकाने लिहिलं, शिकेकाई घाला. दुसऱ्याने लिहिलं, मिठाचं पाणी मारा, किडे मरतील. मी म्हटलं किडे नाहीत, धूर आहे. त्यावर तो म्हणाला, मग दुप्पट मीठ. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी एका पानाचं क्षेत्रफळ काढून सगळ्या झाडाचा हिशेब मांडला आणि हे काम एका माणसाला हयातभर पुरेल असा निष्कर्ष पाठवला. एकीने विचारलं, अमावस्येला चालतं का. आणि एका काकांनी नेहमीप्रमाणे गुलाबाचं फूल आणि शुभ रात्री.

ज्ञानेश, म्हणजे माझा नवरा, मनमाडला रेल्वेत आहे. रोज जाऊन-येऊन करतो. नोकरीने त्याला एक सवय लावली आहे, त्याला प्रत्येक गोष्टीत मेमो दिसतो. जेवताना म्हणाला, "अगं, काही करायचं तर लेखी काहीतरी घे हातात. लेखी असलं की माणूस निर्धास्त असतो."

"अंघोळीला लेखी?"

"आपल्या नाही. झाडाच्या."

मी ऐकलं नाही. मला फक्त एवढं कळलं होतं, की मग्ग्याने काम व्हायचं नाही आणि गाडी मध्ये असताना वरून पाणी मारण्यात धोका आहे. खालून, फुटपाथवरून, बारीक फवारा हवा. सासूबाईंनी येवल्याला भाच्याला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीने कांद्यावर फवारणी करायचा पंप रवाना झाला. कोरा होता, औषधाचा थेंब पडलेला नव्हता, तरी मी तो पुन्हा पुन्हा धुतला. कंडक्टरने तो स्टँडवर माझ्या हवाली केला तेव्हा म्हणाला, "जपून न्या मॅडम, औषधाचा पंप आहे, उघडा ठेवला तर पोरं हुंगतात." घरी येताना रिक्षावाल्याने आरशातून पंपाकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणतो मॅडम यंदा कांदा?" मी म्हटलं, "बरा आहे." काय सांगणार.

पुढच्या रविवारी सकाळी मी तो पंप पाठीवर चढवला. हे यंत्र एका हाताने दांडा वरखाली करत दुसऱ्या हाताने नळी धरून चालवायचं असतं. ते करताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे.

पण पानं! आधी काळं पाणी, मग मातकट, मग स्वच्छ. आणि त्याखालून जो हिरवा रंग वर आला, तो मी विसरूनच गेले होते. बकुळीचं पान चकाकतं. रोज त्या झाडाखालून जाऊन मला ते पान राखाडीच असतं असं वाटायला लागलं होतं. मी दुप्पट जोराने दांडा हाणला. सिग्नलला स्कूटरवर बापाच्या मागे बसलेला माझ्याच वर्गातला मुलगा ओरडला, "गुड मॉर्निंग मॅडम!" पंपासकट जेवढ्या प्रतिष्ठेने वळता येईल तेवढ्या प्रतिष्ठेने वळून मी त्याला उत्तर दिलं. त्याच वेळी एका गाडीची काच खाली आली होती आणि कोणीतरी मोबाइल धरला होता. मला वाटलं, कौतुकाने धरलाय.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ फिरला. वर लाल अक्षरांत: 'निर्दयी महिला! भररस्त्यात हिरव्या झाडाला विष!' खाली लोकांची मतं. 'हिलाच झाडाला बांधा.' 'पार्किंगसाठी माणसं कुठल्या थराला जातात.' आणि एकाने लिहिलं होतं, 'चेहऱ्यावरूनच कळतं.' हे मला सगळ्यात लागलं. मी आरशासमोर उभी राहून बराच वेळ काय कळतं ते शोधलं. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. आवाजात अत्यंत मार्दव. "पगारे मॅडम, पर्यावरण दिनाचं काम यंदा दुसऱ्या कोणाकडे देऊ का? तुम्हाला आधीच... कामं असतील."

संध्याकाळी काही वृक्षप्रेमी मंडळी फलक घेऊन झाडाखाली जमली. त्यांचा राग अगदी खरा होता, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदरही वाटला. फक्त तो राग माझ्यावर होता. मी खाली गेले. सांगितलं, पाणी आहे. त्यांच्यातल्या एकीने हात कमरेवर ठेवला. "सगळे असंच सांगतात. पुरावा?"

माझा संयम तिथे संपला. पंपात प्युरिफायरचं उरलेलं पाणी होतंच. मी नळीचं तोंड आपल्या तोंडात धरलं, दांडा मारला आणि सगळ्यांच्या देखत घटाघट प्यायले.

वरून गॅलरीतून सासूबाई ओरडल्या, "अगं ए शुभे! मशिनचं सांडपाणी हाये ते!"

मी मेले नाही म्हटल्यावर मंडळींची खात्री पटली. त्यांनी माफीही मागितली. "पण ताई, परवानगी घ्यायला हवी होती," असं जाता जाता सांगून गेली. माझं पाणी पितानाचं चित्रणही केलं होतं त्यांनी. ते मात्र कोणी पुढे पाठवलं नाही. निर्दोष बाईत कोणाला रस असतो?

म्हणून मी परवानगी काढायला गेले. ज्ञानेशच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' असं स्पष्ट उमटलं होतं, पण तो माणूस सभ्य असल्यामुळे बोलला नाही.

महापालिकेत झाडांची परवानगी जिथे मिळते, त्या टेबलामागे एक प्रसन्न गृहस्थ बसले होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तोडायचंय का?"

"नाही."

"छाटायचंय."

"नाही."

"मग झाडाचं करायचंय काय?"

"धुवायचंय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग ते संगणकाकडे वळले आणि मनापासून शोधायला लागले. "तोडणे आहे. छाटणे आहे. एका जागचं काढून दुसरीकडे लावणे आहे. धुणे नाही हो."

"'इतर' असेल ना?"

"होतं. लोक त्यात काहीही लिहायला लागले. काढून टाकलं." ते विचारात पडले. माझ्यासाठी काहीतरी करावं असं त्यांना खरोखर वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. "असं करू या. त्यातल्या त्यात सौम्य म्हणजे छाटणी. छाटणी निवडू, आणि खाली शेऱ्यात लिहू, 'फक्त पाण्याने'. म्हणजे कायदेशीरही झालं आणि तुमचंही काम झालं."

मला ते पटलं. प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर लिहा, असं दर परीक्षेला मुलांना बजावणाऱ्या या शिक्षिकेने 'छाटणी'खाली सही केली आणि वर त्यांचे आभार मानले.

त्यानंतर एका सकाळी मी डबा भरत होते, पर्स खांद्याला होती, तपासायचे पेपर हातात होते, आणि गॅलरीतून हाक आली, "शुभे, धाव! झाडाला शिडी लागली!"

मी जिन्यावरून कशी उतरले ते आठवत नाही. खाली ट्रक उभा, यंत्राची करवत घरघरतेय, आणि मी पोचेपर्यंत गॅलरीकडची एक मोठी फांदी धाडकन फुटपाथवर पडली. मी धुतलेली. पानं हिरवीगार, अजून चकाकत होती.

"थांबा!" मी ओरडले.

मुकादमाचं नाव निवृत्ती. शांत माणूस, तोंडात सुपारी. "बाजूला व्हा मॅडम. फांदी अंगावर येईल."

"कोणी सांगितलं तुम्हाला झाड तोडायला?"

"तोडत नाय, छाटतोय. अर्जदाराची मागणी हाये." त्याने मोबाइलवर बघून वाचलं, "शुभांगी ज्ञानेश पगारे. काय असंल ते त्यांच्याशी बोला."

"मीच ती."

निवृत्तीने सुपारी चघळायची थांबवली. माझ्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं. "मग अडवता कशाला? तुमचंच तर काम करतोय आमी."

"शेऱ्यात लिहिलंय, फक्त पाण्याने!"

"शेरा आमच्यापर्यंत येत नाय मॅडम. आमच्याकडं नुसतं 'छाटणी' येतं."

मागून खंडेरावांचा आवाज आला. ते अंघोळ करून, गंध लावून, जणू उद्‍घाटनाला आल्यासारखे उभे होते. "चालू द्या, चालू द्या! मॅडमनीच अर्ज केलाय. आणि जरा खोल छाटा, पाखरं गाडीवर फार घाण करतात."

मला राग आला की मी आधी शांत होते. वर्गात मुलांना हे माहीत आहे, त्यामुळे मी शांत झाले की ती बाकाखाली जातात. खंडेरावांना माहीत नव्हतं. मी पेपरांचा गठ्ठा काखेत मारला, चपला काढल्या, निवृत्तीच्याच शिडीवरून वर चढले आणि जिथून दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात जाऊन बसले. पर्स खांद्याला, डब्याची पिशवी मांडीवर.

"आता छाटा," मी म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला, पण कोणी हललं नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले आणि पुढच्यांनी मोबाइल काढले. ह्या वेळी मी चेहरा नीट ठेवला. सासूबाई गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उतरू नको गं! पोळ्या मी लाटते!"

"मॅडम, उतरा, पडाल," निवृत्ती विनवण्या करू लागला.

"पडले तर शेऱ्यात लिहा."

शेवटी त्यानेच तोड काढली. अर्जदाराने माघार लिहून दिली की त्याचं काम संपणार होतं. माझ्याकडे पेपरांत एक कोरी पुरवणी होती आणि तपासायचा लाल पेन होता. झाडावर बसून, गुडघ्यावर डबा ठेवून मी माघार लिहिली आणि खाली टाकली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली. मग मला उतरवण्याचं काम सुरू झालं. चढताना मी रागात होते. उतरताना मी पन्नाशीची होते. दोन माणसांनी शिडी धरली, तिसऱ्याने माझी पर्स धरली, निवृत्ती 'आता डावा पाय, डावा, मॅडम तो उजवा' असं सांगत राहिला, आणि हे सगळं सिग्नलच्या साक्षीने.

जाताना तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "एक सांगू का? आता परत अर्ज करू नका. कशाचाच."

त्या दिवशी मी शाळेत उशिरा गेले. संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंची खुर्ची रिकामी होती. फांदी गेली तिथे झाडाला मोठं भगदाड पडलं होतं, आणि त्यातून बसचा धूर सरळ गॅलरीत येत होता. त्या आत पलंगावर बसून खोकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय नाय, ठसका लागला." मी त्यांना पाणी दिलं, पंपाची नळी तपासली आणि पंप दाराशी आणून ठेवला.

खंडेरावांनी तातडीची सभा बोलावली. विषय एकच. ठराव वाचला गेला: 'सोसायटीच्या आवारात किंवा आवारालगत कोणत्याही सभासदाने झाड धुऊ नये.' मी उभी राहिले. म्हटलं, "झाड फुटपाथवर आहे. तुमचा ठराव फाटकाच्या आत चालतो. आणि ज्या झाडाने इतकी वर्षं आपल्या प्रत्येकाची काजळी स्वतःच्या अंगावर घेतली, त्याला बादलीभर सांडपाणी द्यायलाही जर बंदी असेल, तर ती बंदी मी मोडणार. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको कळवलं नाही."

टाळी कोणीही वाजवली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरांनी घसा साफ केला, पण तो नुसताच साफ केला. बाजूने हात वर आले, खूप आले. "विरोधात?" खंडेरावांनी विचारलं. मी हात वर केला.

आणि माझ्या शेजारी आणखी एक हात वर गेला. हळूहळू, कोपरात अडखळत, पण गेला.

"ज्ञानेशराव," खंडेराव म्हणाले, "आपण बाजूने की..."

"विरोधात," ज्ञानेश म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "आणि तसं लेखी घ्या."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सभेत रडले असते, आणि ते खंडेरावांना फार आवडलं असतं.

रविवारी आम्ही तिघंही खाली उतरलो. सासूबाई तोंडाला पदर लावून फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'पाणी हाये, विष नाय' असं न विचारता सांगू लागल्या. ज्ञानेशने आधी खंडेरावांच्या गाडीवर स्वतःच्या हाताने ताडपत्री घातली, कडा नीट खोचल्या, मग बादल्या भरून आणल्या. मी पंप चढवला. कापलेल्या जागेजवळची पानं सगळ्यात जास्त काळवंडली होती. तिथूनच सुरुवात केली.

खंडेराव गॅलरीत मोबाइल कानाला लावून उभे होते. थोड्याच वेळात सिग्नलवरची ट्रॅफिक हवालदार रस्ता ओलांडून आली. तरुण मुलगी, छातीवर नाव अंजली गांगुर्डे. तोंडावर मास्क होता, कधीकाळी पांढरा असावा.

"मॅडम, तक्रार आलीय. रस्त्यावर पाणी मारून वाहतुकीला अडथळा करताय म्हणून."

"अडथळा होतोय का?"

तिने रस्त्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. झाडातून टपकणाऱ्या काळ्या पाण्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि नकळत मास्क वर सरकवला. "आत्ता नाही दिसत. पण तक्रार आली म्हणजे नाव लिहून घ्यावं लागतं. परवानगी आहे?"

"नाही."

ज्ञानेश बादली घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मग आता थांबणार का?"

"नाही. पुढच्या रविवारीही करणार, त्याच्या पुढच्याही. पाऊस येईपर्यंत."

"मी तुम्हाला समज देतेय."

"मिळाली. लिहा नाव. शुभांगी ज्ञानेश पगारे."

तिने डायरी काढली आणि लिहायला लागली. मी पाठीवरच्या पंपासकट वाकून पाहिलं. इतक्या वर्षांची खोड, कोणी लिहीत असलं की मला राहवत नाही.

"'भां'वरचा अनुस्वार राहिला," मी म्हटलं. "तक्रार माझ्यावर आहे ना? मग नाव शुद्ध पाहिजे."

तिने टिंब दिलं. मी दांडा दाबला आणि फवारा वरच्या फांदीवर सोडला.